प्रकाशाने जागी होणारी धातूंची औषधं आणि कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आत्याला सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं कॅन्सरवरचं औषध दिलं होतं. गाठ आटली, आत्या पुढे बरीच वर्षं जगली, पण कानात एक बारीक शिट्टी वाजायची ती शेवटपर्यंत थांबली नाही. मी रसायनशास्त्र शिकवते. प्लॅटिनमची संयुगं शिकवायला घेतली की मला ती शिट्टी आठवते, आणि मग वर्गात आपोआप प्रकाशाने जागी होणाऱ्या औषधांचा विषय निघतो. विद्यार्थी प्रश्न विचारतात, त्यांचे पालक विचारतात, कधी नातेवाइकांचे रात्री फोन येतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. उपचाराचा निर्णय तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.

ही औषधं म्हणजे नेमकं काय?

मध्यभागी धातूचा एक अणू आणि त्याला चहूबाजूंनी धरून बसलेले सेंद्रिय रेणू, अशी या संयुगांची रचना असते. अंधारात ती जवळपास निरुपद्रवी असतात. ठरावीक रंगाचा प्रकाश पडला की त्यांचा स्वभाव पालटतो आणि आसपासची पेशी मरते. औषध शरीरात भलेही सगळीकडे फिरो, काम करतं ते प्रकाश पडला तिथेच आणि दिवा चालू असेल तेवढा वेळच. नेहमीच्या केमोला ही जागेची आणि वेळेची लगाम नसते. म्हणून तर केस गळतात, उलट्या होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो.

म्हणजे रेडिएशनच की! आमच्याकडेही "लाइट" दिली होती.

नाही. हा गोंधळ फार होतो, कारण रेडिएशनला आपल्याकडे कुणी "शेक" म्हणतं, कुणी "लाइट घेणं" म्हणतं. रेडिएशनमध्ये क्ष-किरणांसारखे जबर ऊर्जेचे किरण असतात. ते स्वतःच डीएनए तोडतात आणि वाटेतल्या निरोगी पेशींनाही थोडंफार लागतं. इथे वापरतात तो डोळ्यांना दिसणारा हिरवा किंवा तांबडा प्रकाश, किंवा तांबड्याच्या जरा पलीकडचा. नुसता तो प्रकाश पेशीला मारत नाही. नुसतं औषधही मारत नाही. दोघं एका जागी भेटले तरच काम होतं.

नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात, ते अनेकांनी पाहिलं असेल. तिथेही दिवा बाळाच्या कातडीतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो, म्हणून ते शरीराबाहेर टाकता येतं. प्रकाशाने शरीरात रसायनशास्त्र घडवायचं, हे आपण रोजच करतो आहोत.

ही कल्पना किती जुनी आहे?

खूप जुनी. आयुर्वेदात कोडावर बावची लावून ऊन घ्यायला सांगितलं आहे. बावचीतलं सोरालेन हे द्रव्य अतिनील प्रकाशात डीएनएला चिकटतं, आणि त्वचारोगतज्ज्ञ आजही सोरालेन आणि अतिनील दिवा एकत्र वापरतात. त्यात धातू नसतो, पण "आधी द्रव्य, मग प्रकाश" हे तत्त्व तेच.

आधुनिक गोष्ट 1900 साली म्युनिकमध्ये सुरू होते. ऑस्कर राब हा विद्यार्थी अॅक्रिडीन नावाच्या रंगद्रव्याचा पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर काय परिणाम होतो ते तपासत होता. कधी जीव लगेच मरायचे, कधी बराच वेळ जगायचे. फरक होता उजेडाचा. त्याचे गुरू हेर्मान फॉन टापायनर यांनी हा धागा पुढे नेला आणि 1903 मध्ये त्वचेच्या कॅन्सरवर इओसिन हे रंगद्रव्य लावून प्रकाश देऊन पाहिला. पुढे फ्रीड्रिख मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने हिमॅटोपॉर्फिरिन हे रक्तापासून मिळणारं रंगद्रव्य स्वतःच्याच शरीरात टोचून घेतलं आणि उन्हात गेला. चेहरा आणि हात भयंकर सुजले, आणि उन्हाबद्दलची ती हळवी अवस्था कितीतरी दिवस टिकली.

अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत थॉमस डोहर्टी यांनी 1970च्या दशकात या कल्पनेचा नेटाने पाठपुरावा केला. त्यातून फोटोफ्रिन हे औषध आलं. 1993 मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आणि 1995 मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी त्याला मंजुरी मिळाली. त्यातही धातू नव्हता.

मग धातूच कशाला हवा?

वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर घालवते.

रेणूवर प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी मारतो. बहुतेक रेणूंमध्ये तो काही नॅनोसेकंदांतच खाली येतो आणि ऊर्जा चमक किंवा उष्णता म्हणून निघून जाते. एवढ्याशा वेळात शेजारच्या रेणूशी काही देवाणघेवाण होणं कठीण. पण त्या इलेक्ट्रॉनने आपल्या फिरकीची दिशा उलटी केली, तर तो एका आडपायरीवर अडकतो. तिथून खाली यायचा रस्ता नियमाने जवळजवळ बंद असतो, म्हणून तो कितीतरी पट जास्त वेळ, मायक्रोसेकंदांच्या हिशेबात, तिथे थांबतो. तेवढ्यात शेजारून ऑक्सिजनचा रेणू जातो आणि ती ऊर्जा त्याच्या हाती पडते. या आडपायरीला ट्रिप्लेट अवस्था म्हणतात.

फिरकी उलटणं हलक्या अणूंच्या रेणूंत सहसा घडत नाही. पॅलॅडियम, रुथेनियम, इरिडियम, प्लॅटिनम असा जड अणू मध्ये बसवला की ते सोपं होतं. जड केंद्रकाच्या ओढीमुळे इलेक्ट्रॉनची फिरकी आणि त्याची भ्रमणगती एकमेकांत गुंततात, आणि एरवीचा बंद दरवाजा किलकिला होतो.

पण कुठलाही धातू चालत नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या हीममध्ये पॉर्फिरिनचं कडं असतं, म्हणजे प्रकाश शोषणारा उत्तम रेणू. तरी उन्हात गेलो म्हणून आपलं रक्त पेटत नाही, कारण कड्याच्या मध्ये बसलेलं लोखंड ती ऊर्जा क्षणात जिरवून टाकतं. ज्यांच्या शरीरात जन्मतःच ते लोखंड कड्यात नीट बसवलं जात नाही, त्यांच्या कातडीत मोकळं पॉर्फिरिन साठतं आणि त्यांना साधं कोवळं ऊनही आग लागल्यासारखं वाटतं. कडं तेच. मध्ये कोण बसलंय यावर सगळं ठरतं. रसायनशास्त्रावर माझा जीव जडला तो अशाच गोष्टींमुळे.

धातूचा आणखी एक फायदा म्हणजे त्याला चार किंवा सहा हात असतात. कुठल्या हातात कुठला रेणू द्यायचा हे आपण ठरवतो. त्यावरून औषध कोणता रंग शोषेल, पाण्यात विरघळेल की नाही, पेशीच्या कोणत्या भागात जाऊन बसेल, हे बदलता येतं.

प्लॅटिनमची औषधं तर आधीपासूनच आहेत ना?

आहेत, आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. सिस्प्लॅटिन हे संयुग इटालियन रसायनशास्त्रज्ञ मिकेले पेयरोने यांनी 1840च्या दशकातच बनवलं होतं. ते कॅन्सरवर चालेल हे कळायला सव्वाशे वर्षं लागली. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विद्युत क्षेत्राचा परिणाम तपासत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि लांबच लांब दोऱ्यांसारखे वाढू लागले. विजेचा यात हात नव्हता. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून धातू द्रावणात उतरत होता आणि पेशींचं विभाजन रोखत होता. हे 1965 मध्ये प्रसिद्ध झालं आणि 1978 मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

या कहाणीतला एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. संशोधकांनी प्लॅटिनमच्या क्षाराचं ताजं द्रावण जिवाणूंना दिलं तर तो परिणाम दिसेना, पण तेच द्रावण उजेडात ठेवून जुनं झालं की दिसे. प्रकाशाने संयुगातले रेणू बदलत होते. प्लॅटिनम, प्रकाश आणि पेशी ही तिन्ही माणसं पहिल्या दिवसापासून एका खोलीत होती!

सिस्प्लॅटिन पेशीत गेलं की त्याचे क्लोरीनचे दोन हात सुटतात, मोकळ्या हातांनी ते डीएनएला धरतं आणि वाकवतं. हे ते कॅन्सरच्या पेशीत करतं तसंच मूत्रपिंडात, मज्जातंतूंत आणि कानाच्या आतल्या नाजूक पेशींतही त्याचा उपद्रव होतो. म्हणून कानातली शिट्टी, म्हणून बोटांना मुंग्या. मग विचार असा आला की प्लॅटिनमचे हात आधी बांधून ठेवायचे आणि ते फक्त गाठीवर प्रकाश टाकून सोडवायचे. इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठाचे पीटर सॅडलर आणि त्यांचे सहकारी यांनी असं प्लॅटिनम बनवलं. त्याला नायट्रोजनच्या साखळ्या, म्हणजे अॅझाइड, जोडलेल्या असतात. अंधारात ते निवांत असतं. प्रकाश पडला की अॅझाइड निसटतात आणि मारक प्लॅटिनम जागं होतं. हे अजून प्रयोगशाळेच्या टप्प्यावर आहे.

प्रकाश पडल्यावर पेशीत काय घडतं?

बहुतेक औषधांत ट्रिप्लेट अवस्थेतला रेणू ऊर्जा ऑक्सिजनला देतो. आपण श्वासात घेतो तोच ऑक्सिजन मग एका तापट रूपात जातो. त्याला सिंग्लेट ऑक्सिजन म्हणतात. तो पाण्यात जेमतेम काही मायक्रोसेकंद टिकतो, त्यामुळे जन्मला त्या जागेपासून एका पेशीच्या रुंदीइतकंही लांब जात नाही. जवळचे मेदाम्ल, प्रथिनं जे हाती लागेल ते जाळतो. औषध मायटोकॉन्ड्रियात बसलं असेल तर मायटोकॉन्ड्रिया जातो, पडद्यात बसलं असेल तर पडदा फाटतो. शेजारची निरोगी पेशी वाचते ती यामुळे.

काही औषधं ऊर्जेऐवजी इलेक्ट्रॉन देतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रॉक्सिल असे मूलक, म्हणजे दिसेल त्याच्याशी भिडणारे रेणू, तयार होतात. शिवाय गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या बंद पडतात. मेलेल्या पेशींचे अवशेष पाहून रोगप्रतिकारक यंत्रणाही सावध होऊ शकते. यावर भरपूर संशोधन चालू आहे, पण माणसांमध्ये त्याचा भरवसा धरावा इतका पुरावा अजून जमलेला नाही.

प्रकाश शरीरात किती खोल जातो?

रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलची टॉर्च तळहाताखाली धरा. बोटं लालभडक दिसतील. पांढऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग रक्ताने खाल्ला, तांबडा पार झाला. ढोबळ हिशेब असा: निळा प्रकाश एक मिलिमीटरही धड जात नाही, तांबडा काही मिलिमीटर जातो, त्याच्या पलीकडचा अवरक्ताजवळचा एखाद सेंटिमीटर.

म्हणून औषध शक्यतो 650 ते 850 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने जागं व्हावं असं सगळ्यांना वाटतं. त्याखाली हिमोग्लोबिन आडवं येतं. बरंच वर गेलं तर पाणी प्रकाश शोषतं, आणि तरंगलांबी वाढेल तशी प्रत्येक कणातली ऊर्जा कमी होत जाते. साधारण 850 नॅनोमीटरच्या पुढे ती ऑक्सिजनला चेतवायला पुरत नाही.

खोलवरच्या गाठीपर्यंत पोचायला डॉक्टर केसाएवढ्या बारीक काचतंतूतून प्रकाश आत नेतात, दुर्बिणीतून किंवा सुईतून. एवढं करूनही प्रकाश पोचेल तेवढ्याच भागात उपचार होतो.

गाठीत ऑक्सिजनच कमी असेल तर?

ही या पद्धतीची जुनी दुखरी नस आहे. गाठ भराभर वाढते, रक्तवाहिन्या मागे पडतात, आणि आतला भाग ऑक्सिजनवाचून राहतो. त्यात उपचार चालू झाला की उरलेला ऑक्सिजनही संपतो.

म्हणून ऑक्सिजनवाचून काम करणारी संयुगं शोधली जात आहेत. वर सांगितलेलं अॅझाइडचं प्लॅटिनम त्यातलंच. काही रुथेनियमच्या संयुगांत एक हात मुद्दाम अवघडलेला ठेवतात. प्रकाश पडला की तो निसटतो आणि मोकळा रुथेनियम डीएनएला धरतो. 2019 मध्ये सॅडलर आणि चिनी संशोधकांनी इरिडियमचं एक संयुग मांडलं. ते प्रकाशात पेशीच्या इंधनव्यवस्थेतलं एनएडीएच हे द्रव्य संपवतं, तेही कमी ऑक्सिजनमध्ये. हे उत्प्रेरक आहे, म्हणजे एकच रेणू तेच काम पुन्हा पुन्हा करतो. मला व्यक्तिशः सगळ्यात जास्त आशा या दिशेची वाटते.

यातलं एखादं औषध रुग्णांना प्रत्यक्ष मिळतं का?

हो. पॅडेलिपॉर्फिन, व्यापारी नाव टूकॅड. त्याची जन्मकथा सांगायलाच हवी. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत आविग्दोर शेर्झ हे वनस्पतिशास्त्राचे आणि योराम सलोमोन हे पेशींचे अभ्यासक. पाण्याखाली मंद उजेडात जगणाऱ्या काही जिवाणूंमध्ये हरितद्रव्याचा एक भाऊ असतो. तो तांबड्याच्याही पलीकडचा प्रकाश शोषतो. हरितद्रव्यात मध्ये मॅग्नेशियम असतं. त्यांनी ते काढून पॅलॅडियम बसवलं.

हे औषध प्रोस्टेटच्या कमी धोक्याच्या कॅन्सरसाठी वापरतात. रुग्णाला भूल देऊन काचतंतू प्रोस्टेटमध्ये रोवतात, औषध शिरेतून दहा मिनिटांत देतात, आणि लगेच 753 नॅनोमीटरचा लेसर 22 मिनिटं 15 सेकंद चालवतात. औषध रक्तवाहिनीतच राहतं, ऊतीत झिरपत नाही. म्हणून प्रकाश पडला की गाठीच्या रक्तवाहिन्या बंद होतात आणि तेवढा भाग मरतो.

युरोपातल्या 10 देशांमधल्या 413 पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निकाल 2016 च्या शेवटी आले. दोन वर्षांनी हा उपचार घेतलेल्यांपैकी 49 टक्के पुरुषांच्या बायॉप्सीत कॅन्सर सापडला नाही. नुसती देखरेख ठेवलेल्यांत हा आकडा 13.5 टक्के होता. 2017 च्या नोव्हेंबरात युरोपीय संघाने मंजुरी दिली.

पण कहाणी इथे संपत नाही. 2020 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने 13 विरुद्ध 2 मतांनी याच्या विरोधात कौल दिला, आणि तिथे मंजुरी मिळाली नाही. कमी धोक्याच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये बऱ्याच पुरुषांना उपचाराची गरजच पडत नाही, नियमित तपासण्या पुरतात. मग ज्याला कदाचित काहीच करावं लागणार नव्हतं त्याला लघवीचे आणि लैंगिक त्रास का सोसायला लावायचे? मला या प्रश्नात दम वाटतो. औषधाचं रसायनशास्त्र सुरेख असलं तरी ते योग्य रुग्णाला योग्य वेळी मिळतंय का, हे वेगळं तपासावंच लागतं.

मूत्राशयाच्या कॅन्सरवरच्या रुथेनियमबद्दल वाचलं. ते काय आहे?

त्याचं नाव टीएलडी-1433. कॅनडात शेरी मॅकफार्लंड यांच्या प्रयोगशाळेत ते जन्मलं आणि टोरोंटोची थेरालेज ही कंपनी त्याच्या चाचण्या करते आहे. माणसांमध्ये पोचलेलं हे प्रकाशाने जागं होणारं पहिलं रुथेनियम संयुग. पहिल्या टप्प्यात फक्त सहा रुग्ण होते. 2019 पासून दुसरा टप्पा सुरू झाला.

हे कुणासाठी आहे ते नीट समजून घ्या. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरता कॅन्सर असेल तर तो खरवडून काढतात आणि मग बीसीजी आत सोडतात. क्षयाची लस म्हणून आपल्या दंडावर जिचा वण आहे तीच बीसीजी. मूत्राशयासाठीची बीसीजी आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते. काही रुग्णांत बीसीजी दाद देत नाही. मग सहसा पुढची पायरी मूत्राशयच काढून टाकण्याची. लघवीची पिशवी पोटावर बाळगत जगणं काय असतं, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना सांगायला नको. ती वेळ टाळण्यासाठी हे औषध तपासलं जातंय.

द्रावण नळीने मूत्राशयात साधारण तासभर ठेवतात, मग धुऊन काढतात. कॅन्सरच्या पेशी जास्त लोह ओढण्यासाठी ट्रान्सफेरिन या वाहक प्रथिनाची दारं जास्त उघडी ठेवतात आणि रुथेनियम त्याच प्रथिनाबरोबर आत शिरू शकतं. नंतर मूत्राशयात पाणी भरून ते फुगवतात आणि 520 नॅनोमीटरचा हिरवा लेसर आतून सगळीकडे पसरवतात.

हिरवाच का, तो तर खोल जात नाही? अगदी म्हणूनच. कॅन्सर वरवरच्या अस्तरात आहे. त्याखालच्या स्नायूला धक्का लागला तर मूत्राशय आक्रसून निकामी होईल. दुसरीकडे जी उणीव, तीच इथे संरक्षण. मी हे लिहिते आहे तोपर्यंत या औषधाला कुठल्याही देशात विक्रीची मंजुरी नाही.

दुसरे धातू?

बरेच. टेक्सस विद्यापीठाचे जोनाथन सेस्लर तरुणपणी स्वतः हॉजकिन लिम्फोमातून बरे झाले होते. त्यांनी पॉर्फिरिनपेक्षा मोठं कडं बनवलं आणि त्यात ल्युटेशियम बसवलं. ते 732 नॅनोमीटरला जागं व्हायचं, चाचण्याही झाल्या, पण बाजारात आलं नाही. कथिलाच्या एका संयुगाचंही तसंच झालं. रशियात अॅल्युमिनियमचं थॅलोसायनिन, म्हणजे पॉर्फिरिनसारख्याच कड्यात बसवलेलं अॅल्युमिनियम, वापरात आहे.

उपचारानंतर अंधारात बसावं लागतं का?

औषधावर अवलंबून आहे. फोटोफ्रिन कातडीत रेंगाळतं, त्यामुळे किमान महिनाभर ऊन आणि प्रखर दिवे टाळावे लागतात. एप्रिल-मे महिन्यात नागपूरला किंवा सोलापूरला हे पाळायचं म्हणजे काय, विचार करा. सनस्क्रीनने भागत नाही, कारण ती अतिनील किरण अडवते आणि हे औषध दिसणाऱ्या प्रकाशाने जागं होतं. अंगभर कपडे, टोपी, काळा चष्मा लागतो. टूकॅड काही तासांत शरीराबाहेर जातं, म्हणून साधारण दोन दिवस जपलं की पुरतं. रुथेनियमचं द्रावण मूत्राशयातच राहून धुतलं जातं, त्यामुळे तिथे हा प्रश्न आणखी हलका होतो.

शरीरभर पसरलेला कॅन्सर याने बरा होईल का?

नाही. जिथे प्रकाश नाही तिथे उपचार नाही. रक्ताचा कॅन्सर, हाडांत आणि यकृतात विखुरलेल्या गाठी यांना केमो, लक्ष्यवेधी औषधं, इम्युनोथेरपी हेच मार्ग आहेत. "एका लेसरने सगळा कॅन्सर गायब" असं कुणी सांगत असेल तर तिथून उठून या.

हळदीतही असा गुण असतो म्हणे. हळदीचं दूध पिऊन उन्हात बसलं तर?

गुण आहे, हे खरं. हळदीतलं करक्युमिन निळा प्रकाश शोषतं आणि प्रयोगशाळेत पेशी मारतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अखिल चक्रवर्ती आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी करक्युमिन प्लॅटिनमला बांधलं. अंधारात ते टिकतं, प्रकाशात करक्युमिन आणि प्लॅटिनम दोन्ही सुटतात. लोखंड, तांबं, व्हॅनेडियम अशा स्वस्त धातूंवरही त्यांनी खूप काम केलं आहे.

पण प्यायलेल्या हळदीतलं करक्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं आणि लगेच मोडतं. उन्हातला निळा प्रकाश कातडीखाली जात नाही. दुधातली हळद घशाला बरी वाटते, तेवढ्यासाठी खुशाल प्या.

ताम्रभस्म, सुवर्णभस्म हेही धातूच ना?

धातू आहेत, पण त्यांचा या औषधांशी संबंध नाही. इथे धातूचा एकेक अणू मोजून ठरवलेल्या रेणूंमध्ये बसवलेला असतो. केमो चालू असताना डॉक्टरांना न सांगता कुठलंही भस्म घेऊ नका. मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो.

भारतात हे उपचार मिळतात का?

या पानावरच्या प्रकाशाने जागी होणाऱ्या धातूंच्या औषधांपैकी एकही आपल्याकडे नेहमीचा उपचार म्हणून दिलं जात नाही. मला याची चुटपुट वाटते, कारण आपल्या पुरुषांत तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर फार आहे, आणि तोंड ही प्रकाश सहज पोचणारी जागा. युरोपात टेमोपॉर्फिन हे धातूविरहित औषध डोके-मानेच्या कॅन्सरसाठी 2001 पासून मंजूर आहे. स्वस्त धातू, साधा एलईडी दिवा आणि वेळेवर सापडलेला तोंडातला चट्टा हे समीकरण आपल्या देशाने सोडवायला हवं.

एखाद्या चाचणीत भाग घ्यायचा विचार असेल तर ती भारताच्या चाचणी नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयवर, नोंदलेली आहे का ते पाहा. ती यादी कुणालाही इंटरनेटवर मोफत बघता येते. संमतीपत्र आपल्या भाषेत मागा. मध्येच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे, आणि चाचणीमुळे इजा झाली तर तिच्या उपचाराची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांची असते. चाचणीच्या औषधाचे पैसे कुणी मागितले तर सही करण्याआधी रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीला विचारा.

आईची केमो पुढच्या आठवड्यात आहे. हे औषध येईपर्यंत थांबावं का?

थांबू नका. हा प्रश्न मला फोनवर आला होता, आणि उत्तर द्यायला मी एक क्षणही घेतला नाही. आज हातात असलेलं सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन अनेक कॅन्सरमध्ये सिद्ध झालेलं आहे. त्याचे त्रास डॉक्टरांना ठाऊक आहेत आणि त्यावर उपायही आहेत. भरपूर सलाइन देऊन मूत्रपिंडं जपतात, उलट्यांवर आता फार चांगली औषधं आहेत. कानात आवाज येऊ लागला, ऐकू कमी येऊ लागलं, बोटं बधिर झाली, तर पुढच्या डोसच्या आधी सांगा. "आता हे सहन करायचंच" म्हणून गप्प बसू नका. माझी आत्या गप्प बसली होती.

मी विज्ञान शाखेत आहे. या विषयात काम करायचं तर काय शिकू?

अकार्बनी रसायनशास्त्र मनापासून शिका, विशेषतः धातूंची संकुलं. त्याबरोबर वर्णपटशास्त्र आणि थोडं पेशीशास्त्र. प्रयोगशाळेत गेलात की आधी दिवे मालवायला शिकवतील. चंचुपात्रं अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायची, खिडक्यांना काळा कागद, वजन करायचं तेही मंद तांबड्या दिव्याच्या उजेडात. प्रत्येक प्रयोग दोनदा करायचा, एकदा प्रकाशात, एकदा अंधारात. अंधारातल्या थाळीतल्या पेशी सकाळी जिवंत दिसल्या, तरच उजेडातल्या थाळीचा निकाल वहीत लिहायचा.